गलगंड घालवणारं शेवाळ, गलगंड आणणारं शेवाळ

हाँगकाँगमध्ये आणि लगतच्या ग्वांगडाँग प्रांतात उन्हाळा चढला की घरोघरी एक गोड पेय शिजतं. हिरवे मूग भिजवून भरपूर पाण्यात फुटेपर्यंत उकळायचे, सोबत संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा तुकडा, आणि शेवटी वड्यांच्या रूपात मिळणारी उसाची तपकिरी साखर. इथपर्यंत आपल्या कुठल्याही स्वयंपाकघरात खपून जाईल असा बेत. मग पातेल्यात आणखी दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे सतापाची जुडी. होय, आपल्याकडे परसात लावत आणि लहान मुलांच्या औषधांत वापरत तीच उग्र वासाची सताप. दुसरी गोष्ट म्हणजे हायदाय, अर्थात समुद्री शेवाळ. ते वाळलेलं असताना काळपट आणि कडक असतं. भिजलं की फुगून हिरवं-तपकिरी होतं, मग त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून मुगाबरोबर शिजवतात. पहिल्या घोटाला नाकात शिरतो तो सतापाचा वास. शेवाळाची चव त्यामागे जवळजवळ लपते, दाताखाली फक्त मऊसर लवचिक पट्टी येते. घरातली मोठी माणसं सांगतात, याने अंगातली उष्णता उतरते.

हायदाय म्हणजेच जपानचं कोंबू आणि कोरियाचं दाशिमा. शास्त्रीय नाव साकारिना जापोनिका. विहिरीच्या कठड्यावरच्या बुळबुळीत थराशी याचा काही संबंध लावू नका. ही थंड समुद्रात खडकाला घट्ट धरून वाढणारी, वीतभर रुंद आणि कित्येक मीटर लांब अशी चामड्यासारखी पट्टी असते. पूर्व आशियात तिचं सरबत होतं, चहा होतो, सूप होतं आणि वैद्याचा काढाही होतो. या सगळ्या पेयांबद्दल आपल्याकडे हल्ली दोन टोकांचं बोललं जातं. कुणी त्यांना थायरॉईडवरचा प्राचीन रामबाण उपाय म्हणून विकतं, कुणी सगळंच थोतांड म्हणून झटकून टाकतं. दोन्ही बाजूंना मूळ गोष्ट नीट ठाऊक नसते, आणि ती गोष्ट या दोन्ही मतांपेक्षा कितीतरी चांगली आहे.

आधी कपाकडे पाहू

जपानमध्ये कोंबूपासून होणाऱ्या पेयाला कोबुचा म्हणतात. मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये बाटलीतून मिळणारा आंबट, फसफसणारा कोम्बुचा तो हा नव्हे. तो साखर घातलेला चहा आंबवून करतात, त्यात शेवाळाचा अंशही नसतो. नावं सारखी असल्यामुळे एकाचे गुणदोष दुसऱ्याच्या नावावर जमा होतात, एवढंच लक्षात ठेवून पुढे जाऊ.

कोबुचा करायची जुनी रीत अगदी सोपी. वाळलेल्या कोंबूवर पांढुरकी पूड दिसते. ती बुरशी नसते, मॅनिटॉल नावाची गोडसर नैसर्गिक शर्करा असते. म्हणून कोंबू नळाखाली धूत नाहीत, ओलसर फडक्याने हलकेच पुसतात. मग कात्रीने बारीक पट्ट्या कापायच्या, कपात टाकायच्या, वरून कढत पाणी ओतायचं आणि काही मिनिटं झाकून ठेवायचं. पाण्याला फिकट पिवळा-हिरवा रंग येतो. चव चहाच्या जवळपासही जात नाही. मीठ कमी घातलेल्या, भाजी नसलेल्या एखाद्या सारासारखी ती लागते, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळते. हे रेंगाळणं कशामुळे, याचा शोध टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये लावला. कोंबूच्या पाण्यातून त्यांनी ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. चायनीजच्या गाड्यावर दिसणाऱ्या अजिनोमोटोचा जन्म या कोंबूच्या पाण्यातला आहे.

क्योटोत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत ओबुकुचा पितात. चहात कोंबूची छोटी गाठ आणि एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. परंपरा अशी सांगते, की 951 मध्ये शहरात साथ पसरली तेव्हा कूया नावाच्या भिक्षूने आजाऱ्यांना असा चहा पाजला. दंतकथा म्हणूनच ती घ्यायची, पण ते पेय अजून घरोघरी होतं. पुडीतला तयार कोबुचा मात्र आधुनिक आहे. टोकियोतल्या ग्योकुरोएन या कंपनीने तो 1918 मध्ये बाजारात आणला. त्यात कोंबूच्या पुडीबरोबर भरपूर मीठ असतं, वजनाच्या निम्म्याच्या आसपास. रक्तदाब असणाऱ्यांनी 'हर्बल टी' म्हणून दिवसाला चार कप ढोसण्याआधी पाकिटावरची मिठाची ओळ वाचावी.

कोंबूला थंड पाणी लागतं. जपानमध्ये ते मुख्यतः उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाभोवती वाढतं. रिशिरी, राउसू, हिदाका ही तिथली ठिकाणं कोंबूच्या जातींची नावं होऊन बसली आहेत. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी मालवाहू जहाजं ते ओसाकापर्यंत नेत. तिथून ते दक्षिणेतल्या सात्सुमा संस्थानात आणि पुढे र्‍युक्यू बेटांमार्गे चीनमध्ये पोचे. या व्यापारात तोयामाच्या फिरत्या औषधविक्रेत्यांचा हात होता. उत्तरेचं कोंबू दक्षिणेकडे द्यायचं आणि चिनी औषधी द्रव्यं मिळवायची, असा तो व्यवहार, आणि बराचसा चोरटा. आजच्या ओकिनावात कोंबूचं एक झाडही उगवत नाही, तरी तिथल्या स्वयंपाकात कोंबू मुरलेलं आहे, ते या वाटेमुळे.

आता प्रश्न असा, की चीनला हे शेवाळ एवढं का हवं होतं?

गळ्यावरची गाठ

चीनच्या आतल्या डोंगराळ मुलखात गळ्यावर मोठी गाठ आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दिसत. आपण ज्याला गलगंड म्हणतो तोच हा आजार. 'शनंग बेनत्साव जिंग' या चीनच्या सगळ्यात जुन्या औषधिग्रंथात समुद्री शेवाळ गळ्यावरच्या गाठींसाठी सांगितलं आहे. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याने तर पेयाची कृतीच दिली आहे. शेवाळ रेशमी कापडाच्या पिशवीत बांधायचं, तांदळाच्या मद्यात भिजत ठेवायचं, उन्हाळ्यात दोन दिवस आणि हिवाळ्यात तीन, मग ते मद्य रोज थोडं थोडं घ्यायचं. उरलेला चोथाही टाकायचा नाही, वाळवून पूड करून घ्यायची. ही कृती मला फार आवडते, कारण तिच्यात तत्त्वज्ञान कमी आणि निरीक्षण जास्त आहे. थंडीत अर्क उतरायला वेळ लागतो हे त्या माणसाने हाताने करून पाहिलेलं होतं.

पुढच्या वैद्यांनी त्याला सिद्धांताची बैठक दिली. चिनी वैद्यकानुसार शेवाळ चवीने खारट, प्रकृतीने थंड, आणि खारट चव कठीण गोष्ट मऊ करते. गाठ म्हणजे साचून घट्ट झालेला कफ, शेवाळ तो विरघळवतं. 1617 मध्ये चन शिगाँग या शल्यवैद्याने लिहिलेल्या ग्रंथात 'हायझाव युहू तांग' नावाचा काढा येतो. त्यात एक सोडून तीन प्रकारची समुद्री शेवाळं आहेत, आणि जोडीला संत्र्याची साल वगैरे इतर द्रव्यं. गंमत अशी, की त्यात ज्येष्ठमधही आहे. चिनी वैद्यकात एकत्र देऊ नयेत अशा औषधांच्या अठरा जोड्यांची जुनी यादी पाठ करवतात आणि त्या यादीत ज्येष्ठमध आणि हायझाव (हायदायहून वेगळं शेवाळ) यांची जोडी स्पष्टपणे निषिद्ध आहे. तरी हा प्रसिद्ध काढा तीच जोडी वापरतो. चिनी वैद्यांत यावर आजही वाद झडतात. परंपरा म्हणजे एकमुखी, कधी न बदललेलं ज्ञान असतं असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

सिद्धांताची मर्यादाही इथेच दिसते. खारट चव गाठ मऊ करते असं एकदा मानलं, की मग कुठलीही गाठ चालते. त्यामुळे हेच शेवाळ गंडमाळांवरही दिलं जाई. पण गंडमाळा बहुतेकदा क्षयाच्या जंतूंमुळे मानेतल्या लसीकाग्रंथी सुजल्याने होतात. शेवाळाने क्षय बरा होत नाही. म्हणजे गलगंड आणि गंडमाळा या दोन्हींना एकच काढा, आणि त्यात काम होण्याजोगी जागा फक्त एकीकडे. का, ते कळायला माणसाला आणखी बराच काळ लागला.

उत्तर फ्रान्समध्ये सापडलं, तेही बंदुकीच्या दारूच्या निमित्ताने. नेपोलियनच्या लढायांना सोरा लागत होता. बर्नार कूर्तवा हा सोरा बनवणारा 1811 मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत होता. राखेच्या द्रावणात सल्फ्युरिक आम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळ्या वाफा निघाल्या. थंड पृष्ठभागावर त्यांचे गडद चमकदार स्फटिक जमले. ते आयोडीन. युरोपातले वैद्य शतकानुशतकं गलगंडावर जाळलेल्या समुद्री स्पंजाची राख देत आले होते. जिनिव्हाच्या झाँ-फ्रान्स्वा क्वांदे या डॉक्टरने 1820 मध्ये दोन टोकं जुळवली आणि थेट आयोडीनच रुग्णांना देऊन पाहिलं. गाठी कमी झाल्या. काही रुग्णांना मात्र धडधड, थरथर, वजन घटणं असा नवाच त्रास सुरू झाला आणि क्वांदेंवर टीका झाली. औषध आणि अपाय एकाच बाटलीतून आले होते. 1895 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन सापडलं, तेव्हा वर्तुळ पुरं झालं.

कमी पडलं तरी गाठ, जास्त झालं तरी गाठ

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून असते. तिचं मुख्य संप्रेरक म्हणजे थायरॉक्सीन, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते पोटातूनच यावं लागतं. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम पुरतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, यावरून अंदाज करा.

हे एवढंसं आयोडीनही डोंगराळ भागात मिळत नाही. हजारो वर्षांच्या पावसाने, वितळत्या हिमाने आणि पुरांनी तिथल्या मातीतलं आयोडीन धुऊन समुद्रात नेलेलं असतं. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसात नाही. रक्तात थायरॉक्सीन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच नावाचा निरोप वाढवते: आणखी काम कर. थायरॉईड बिचारी कच्च्या मालाशिवाय काम करणार कशी? निरोप येतच राहतो आणि ग्रंथी आकाराने वाढत जाते. हा गलगंड. अशा माणसाला शेवाळाचा काढा दिला, की कच्चा माल मिळतो, निरोप थांबतो आणि गाठ, फार जुनी आणि निबर झालेली नसेल तर, हळूहळू उतरते. गे हाँगचं मद्य खरोखर गुण देत असणार, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

आणि समुद्र तरी आयोडीनने भरलेला आहे का? एका लिटर समुद्राच्या पाण्यात ते जेमतेम 60 मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. ही तपकिरी शेवाळं ते ओढून घेऊन साठवतात, काही जातींत समुद्राच्या तुलनेत हजारो पटींनी. कशासाठी, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. ओहोटीला शेवाळ उघडं पडतं, कडक उन्हात त्याच्या पेशींवर घातक ऑक्सिजन-रसायनांचा मारा होतो. साठवलेलं आयोडाइड त्या रसायनांना निष्प्रभ करतं. त्यातलं थोडं आयोडीन वाफ होऊन हवेत जातं आणि किनाऱ्यावर ढगांचे थेंब धरायला मदत करतं. शेवाळाने हे आपल्या थायरॉईडसाठी जमवलेलं नाही. ते त्याचं स्वतःचं चिलखत आहे, आपल्या उपयोगी पडलं हा योगायोग.

आता दुसरं टोक. 1948 मध्ये कॅलिफोर्नियात वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं, की एकदम खूप आयोडीन दिलं तर थायरॉईड संप्रेरक बनवणं थांबवते. हा तिचा बचाव. असं नसतं तर समुद्री माशांचं एक भरपेट जेवण झाल्यावर माणसाचं हृदय धडधडत सुटलं असतं. निरोगी माणसात काही दिवसांत ग्रंथी आयोडीन आत घेणारी दारं कमी करते आणि काम पूर्ववत चालू होतं. पण काहींच्या ग्रंथीला हे जमत नाही. विशेषतः हाशिमोटो विकार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते) असलेले लोक, गर्भातली आणि नुकती जन्मलेली बाळं. त्यांच्यात काम बंद पडतं ते बंदच राहतं. थायरॉक्सीन घसरतं, पियूषिका पुन्हा तोच निरोप पाठवू लागते, ग्रंथी पुन्हा वाढते. निकाल तोच, गळ्यावर गाठ.

हे कागदावरचं गणित नाही. 1965 मध्ये जपानी संशोधकांनी होक्काइदोच्या किनाऱ्यावरच्या गलगंडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयोडीनचा दुष्काळ असलेल्या डोंगरात गलगंड असतो हे सर्वांना ठाऊक होतं. इथे कोंबू काढणाऱ्या, सकाळ-संध्याकाळ कोंबू खाणाऱ्या कोळ्यांच्या वस्त्यांत तो सापडला. काही रुग्णांचं कोंबू बंद केल्यावर गाठ कमी झाली. ज्या शेवाळाचा काढा करून चिनी वैद्यांनी गाठी उतरवल्या, त्याच शेवाळाने त्याच्या माहेरी गाठी आणल्या होत्या. या विषयातली ही एक नोंद कुणी वाचली तरी पुरे, असं मला वाटतं.

दुसरा अपाय क्वांदेंच्या रुग्णांना झाला तो. वर्षानुवर्षं आयोडीनविना राहिलेल्या, गाठींनी भरलेल्या ग्रंथीचे काही भाग पियूषिकेचं ऐकेनासे झालेले असतात. त्यांना अचानक भरपूर आयोडीन मिळालं तर ते बेलगाम संप्रेरक ओततात. वयस्कर माणसात यातून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पेय आणि भाजी यांतला फरक

शेवाळ खाणं आणि शेवाळाचं पाणी पिणं यांत एक फरक आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. कोंबूमधलं आयोडीन पाण्यात झपाट्याने उतरतं. पंधरा मिनिटं उकळलं तर जवळजवळ सगळं पाण्यात येतं, 99 टक्क्यांपर्यंत. म्हणजे भाजीसाठी कोंबू उकडून पाणी ओतून दिलं तर आयोडीन मोरीत गेलं. चहा किंवा काढा करून चोथा फेकला तर सगळं आयोडीन पोटात गेलं. 'आम्ही शेवाळ कुठे खातो, नुसतं पाणी पितो' असं म्हणणाऱ्याने नेमका जास्त मात्रेचा भाग निवडलेला असतो.

मात्रा किती? जातीनुसार आणि ठिकाणानुसार फार फरक पडतो, पण वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये 2000 मायक्रोग्रॅमच्या पुढे आयोडीन निघणं नेहमीचं आहे. म्हणजे एका ग्रॅमच्या कपात जवळपास तेरा दिवसांची गरज. चिनी औषधकोशात काढ्यासाठी कोंबूची मात्रा 6 ते 12 ग्रॅम दिलेली आहे. 6 ग्रॅमच धरले तरी ऐंशी दिवसांचं आयोडीन एका दिवसात. वरची सुरक्षित मर्यादा अमेरिकेत प्रौढांसाठी 1100 मायक्रोग्रॅम मानतात, जपानमध्ये 3000. जपानने ती जास्त ठेवली, कारण तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच खात आली आहेत, आणि रोज सारखं खात नाहीत: आज कोंबूचं सूप, उद्या काहीच नाही. शिवाय सोबत भरपूर सोयाबीन असतं, आणि सोयाबीन थायरॉईडच्या कामात थोडा अडसर आणतं. नोरी, म्हणजे सुशीभोवती गुंडाळलेला पातळ कागदासारखा पापुद्रा, त्यात आयोडीन कोंबूच्या मानाने नगण्य असतं. सगळी शेवाळं एका मापाने मोजता येत नाहीत.

कोरियात बाळंतिणीला मियोक नावाच्या शेवाळाचं सूप देतात. आपल्याकडे डिंक-अळिवाला जे स्थान आहे ते तिथे या सुपाला. काही आठवडे रोज, अनेकदा दिवसातून दोन-तीन वाडगे. वाढदिवसालाही हेच सूप प्यायचं, आईने आपल्यासाठी सोसलं त्याची आठवण म्हणून. ही सुंदर रीत आहे आणि बहुतेक बाळंतिणींना तिने काही होत नाही. पण तिथल्या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला तेव्हा आईच्या दुधातलं जादा आयोडीन आणि बाळाची मंदावलेली थायरॉईड यांचा संबंध दिसून आला. दूध हेसुद्धा एक पेयच आहे, आणि आईने प्यायलेलं सूप त्यातून पुढे जातं. कोरियात राहणाऱ्या मराठी मुलींना शेजारणी प्रेमाने हे सूप आणून देतात. ते प्रेमाने घ्यावं, मधूनमधून प्यावं, पण आठवडेच्या आठवडे रोज वाडगेभर पिण्याआधी डॉक्टरशी बोलावं, विशेषतः बाळ लवकर जन्मलं असेल तर.

ऑस्ट्रेलियात 2009 च्या डिसेंबरमध्ये एक सोया दूध बाजारातून परत बोलवावं लागलं. त्यात चवीसाठी कोंबूचा अर्क घातला होता आणि आरोग्याची काळजी घेणारी माणसंच ते रोज पीत होती. थायरॉईड बिघडलेल्या लोकांनी दावा लावला आणि 2014 मध्ये अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. पाकिटावर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं तेव्हा मात्रेचा प्रश्न विचारायचं आपण विसरतो, तो असा.

आयोडीनखेरीज आणखी एक गोष्ट पाण्यात उतरते. जपानमध्ये हिजिकी म्हणून खाल्लं जाणारं शेवाळ आणि चिनी औषधकोशातल्या 'हायझाव'ची एक मान्य जात, ही दोन्ही एकच वनस्पती आहे. तिच्यात अकार्बनी आर्सेनिक, म्हणजे सोमलाचा विषारी प्रकार, जास्त असतो. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने 2004 मध्ये हिजिकी खाऊ नका असा सल्ला दिला. जपानी घरांत ते भिजवून, उकळून, पाणी फेकून मग शिजवतात, त्याने आर्सेनिक पुष्कळ कमी होतं. काढ्यात मात्र तेच पाणी प्यायचं असतं. म्हणून या जातीचा काढा ऑनलाइन मागवून घरच्या घरी करावा असं मी कुणालाच सुचवणार नाही.

निर्धास्तपणे प्यावं असंही एक शेवाळ-पेय आहे. तैवानच्या ईशान्य किनाऱ्यावर बायका समुद्रात बुड्या मारून तांबड्या रंगाचं जेलिडियम शेवाळ काढतात. ते धुवायचं, उन्हात वाळवायचं, परत धुवायचं, परत वाळवायचं. जांभळट तांबडा रंग जाऊन गवतासारखा पिवळा होईपर्यंत हे चालतं. मग तासन्‌तास मंद आचेवर उकळून गाळलं की थंड झाल्यावर त्याची जेली होते. तिचे तुकडे लिंबू-मधाच्या पाण्यात घालून पितात. या सगळ्या धुण्यात आणि वाळवण्यात आयोडीन फारसं उरत नाही, उरतो तो अगार. आणि अगार आपल्याला परका नाही: खरवसासारखी वडी जमवायला किंवा फालुद्यात घालायला किराणा दुकानातून आणतो तो चायना ग्रास हाच. त्यामुळे तुम्ही समुद्री शेवाळ कधी खाल्लं नाही असं म्हणत असाल, तर बहुधा खाल्लेलं आहे.

आपल्या घरात

चीनने पुढे गलगंडाच्या प्रश्नाचं एक उत्तर शेतीत शोधलं. हायदाय हे शेवाळ मूळचं थंड पाण्याचं. विसाव्या शतकाच्या आधी चीनला ते बाहेरूनच आणावं लागे. 1950 च्या दशकात छिंगदाव या किनारी शहरातल्या शास्त्रज्ञांनी, त्यांत त्संग चंगकुइ हे मुख्य नाव, रोपं उन्हाळ्यात गार पाण्यात वाढवून समुद्रात दोरांवर लटकवण्याची पद्धत बसवली आणि मग फूज्यानसारख्या उबदार प्रांतापर्यंत ही शेती पसरली. हाँगकाँगच्या मुगाच्या पातेल्यात आज पडणारी हायदाय अशी शेतातून येते.

आपण वेगळा मार्ग घेतला. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून केलेल्या प्रयोगाने दाखवलं, की मिठात आयोडीन मिसळलं तर गलगंड कमी होतो. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किमान 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे 10 ग्रॅम मिठातून 150 मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज तिथेच भागली. गे हाँगचा रुग्ण आणि पुण्यातला आजचा थायरॉईड रुग्ण यांच्यातला फरक हा आहे. पहिल्याकडे आयोडीन नव्हतं. दुसऱ्याला ते बहुतेकदा पुरेसं मिळतं, आणि त्याची थायरॉईड मंदावलेली असते ती बऱ्याचदा हाशिमोटोमुळे, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे. त्याला शेवाळाचा काढा देणं म्हणजे ज्याला ते सोसणार नाही नेमकं त्यालाच ते देणं. रोज सकाळी थायरॉक्सीनची गोळी घेणाऱ्या कुणाला 'हे नैसर्गिक प्या, गोळी सोडा' असा संदेश फोनवर आला असेल तर तो पुढे पाठवू नका, आणि गोळी सोडू तर अजिबातच नका.

निरोगी माणसाने जपानी हॉटेलात एखादा कोबुचा प्यायला, हाँगकाँगला गेल्यावर वाटीभर मुगाचं गोड पाणी घेतलं, तर काही बिघडत नाही. चव म्हणून घ्यावं. महिन्यात दोन-चारदा घरी करायचं असेल तर कोंबूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे, आणि तो उकळत ठेवू नये. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, थायरॉईडचा कुठलाही विकार असलेले आणि अमिओडॅरोन हे हृदयाचं औषध घेणारे (त्यात आधीच खूप आयोडीन असतं) यांनी रोजची सवय लावून घेऊ नये.

फुकुशिमाचा अपघात झाला तेव्हा, मार्च 2011 मध्ये, किरणोत्सारापासून वाचायला कोंबू खा असं जपानमध्ये पसरलं होतं. तिथल्या सरकारी संस्थेला जाहीर सांगावं लागलं, की शेवाळातली मात्रा अनिश्चित असते आणि ते आयोडीनच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. थायरॉईडचं रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) देऊन करायचं स्कॅन किंवा उपचार ठरले असतील, तर साधारण आठवडा-दोन आठवडे आधीपासून शेवाळ आणि शेवाळाची सगळी पेयं बंद ठेवायला सांगतात. ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली असेल तर दिलेला डोस ती आत घेतच नाही. तपासणीच्या आधी डॉक्टर खाण्यापिण्याबद्दल विचारतील तेव्हा पाहुण्यांनी आणून दिलेल्या 'जपानी चहा'च्या पाकिटाचाही उल्लेख करा, आणि जमलं तर पाकीटच सोबत न्या.